राफाएलच्या गोल मॅडोनाची नक्कल करून तैलरंग शिकते आहे. निळं वस्त्र बिघडलं, चेहरा खडूसारखा झाला. मार्गदर्शन हवं

टाकादोरा (महाल, नागपूर), १२ एप्रिल

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबला आहे, पण नुसतं "रंगाला सुरकुत्या पडल्या" एवढंच लिहिलं तर कोणाला काय सांगता येणार? म्हणून सगळं लिहिते.

मी बावन्न वर्षांची आहे. अठ्ठावीस वर्षं भरतकाम आणि साड्या-ब्लाउजवर डिझाइन छापून द्यायचं काम केलं, अजूनही करते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी दिली, इंटरमिजिएट राहून गेली.

साताठ वर्षांपूर्वी सदरमधल्या एका कॉन्व्हेंटचं वेदीवर घालायच्या कापडाचं काम आलं होतं. पांढऱ्या लिननवर पांढऱ्याच दोऱ्यानं द्राक्षाचे घोस आणि गव्हाच्या लोंब्या. माप घ्यायला गेले तर बाहेरच्या खोलीत एक गोल चित्र टांगलेलं. आई, तिच्या मांडीवर बाळ, बाजूला हात जोडून उभं असलेलं दुसरं पोर. खरं सांगते, मी आधी चेहरा पाहिलाच नाही. तिच्या अंगावरची हिरवी शाल पाहिली. शालीवर रंगीत पट्टे आहेत, आणि खांद्यावरून कापड वळलं तिथे पट्टा बारीक झाला आहे, उताराला आला की पुन्हा रुंद. मी हे रोज बघते. उरेब कापडावर सरळ नक्षी छापली आणि मग ते कापड अंगावर आलं की ती अशीच वळते. ज्यानं हे काढलं त्यानं शाल समोर ठेवून, तिच्या घड्या बघून काढली असणार, असं मला तेव्हाच वाटलं. सिस्टरांनी नाव सांगितलं आणि जाताना एका जुन्या कॅलेंडरचं पानही दिलं. नंतर वाचलं की हे पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रकार राफाएलचं 'मॅडोना डेल्ला सेडिया', म्हणजे खुर्चीवरची मॅडोना, बाळ येशूला घेतलेली आई मेरी. १५१३-१४ च्या सुमाराचं, लाकडी फळीवर तैलरंगात काढलेलं, व्यास ७१ सेंटिमीटर, फ्लॉरेन्सच्या पिटी राजवाड्यात आहे.

तेव्हापासून ते पान माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं, तैलरंग शिकायचे तर यावरच शिकायचे. मी भरतकाम असंच शिकले. सासूबाईंनी त्यांच्या आईचा एक रुमाल दिला होता, म्हणाल्या, हा उलटा करून बघ, गाठ कुठे मारली, दोरा कुठून कुठे नेला, आणि तसाच दुसरा कर. तो रुमाल मी तीनदा केला. तिसऱ्या वेळी मला कळलं की पाकळी आतून बाहेर भरलेली नाही, बाहेरून आत भरली आहे. नुसतं पाहून हे मला दहा वर्षांत कळलं नसतं.

एका छंदवर्गात दोन महिने गेले होते. तिथे सांगितलं, नक्कल करून काही येत नसतं, स्वतःच्या मनातलं काढा. माझ्या मनात ती शालच आहे. मी जाणं बंद केलं.

आता केलं काय ते सांगते. सुताराकडून १२ एमएमच्या प्लायची २४ इंची गोल फळी कापून आणली. पुढच्या बाजूला तयार जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात दिले. रेखाटनासाठी माझीच पद्धत वापरली, खाका. बटर पेपरवर चित्र उतरवलं, रेषेवर सुईनं भोकं टोचली (तीन संध्याकाळी गेल्या), आणि पांढऱ्या कापडावर छापतो तशी रॉकेलमध्ये नीळ कालवून वरून बोळा फिरवला. छाप सुरेख उठला. पण दुसऱ्या दिवशी चेहऱ्याला रंग लावायला घेतला तर ब्रशनं नीळ उचलली. गालाचा गुलाबी रंग राखाडी पडला. तो लपवायला मी टायटेनियम व्हाइट घालत गेले, घालत गेले, आणि चेहरा खडूसारखा झाला. सावलीसाठी काळा मिसळला तर हनुवटीखाली काजळी धरल्यासारखं दिसतंय.

मग चेहरा सोडून गुडघ्यावरच्या निळ्या वस्त्राकडे वळले. अल्ट्रामरीन (गडद निळा) ट्यूबमधून काढला तर जवळजवळ काळाच दिसतो. घड्यांच्या खोलात काळा मिसळला, उजेडाच्या जागी पांढरा, आणि रंग पसरावा म्हणून घरातलं घाण्याचं जवसाचं तेल घातलं, चटणीसाठी आणतो तेच. तैलरंगात जवसाचंच तेल असतं असं वाचलं होतं. चार दिवसांनी बोट लावलं तर वरून सुकलेलं वाटलं. आठ दिवसांनी उन्हाकडे धरून पाहिलं तर अख्ख्या घडीवर बारीक सुरकुत्या, तापवलेल्या दुधावर साय जमते आणि फुंकर मारली की आक्रसते ना, अगदी तशा. टाचणीनं टोचलं तर आत रंग ओलाच.

हे सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करू की यावरूनच पुढे जाऊ? चेहऱ्याखाली आधी हिरवा थर द्यावा लागतो असं एका व्हिडिओत पाहिलं, ते खरं का? आणि छापील चित्रं तरी कोणती खरी मानायची? माझ्या पानावर शाल शेवाळी आहे, फोनवर पोपटी दिसते.

फोटो जोडले आहेत. चुका स्पष्ट सांगा.

---

जुना ब्रश, १२ एप्रिल

ताई, फोटो मोठे करून पाहिले. मी चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. तुमची एकेक अडचण घेतो.

आधी सुरकुत्या. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, म्हणजे त्यातून काही उडून जात नाही, उलट ते फुगतं. थर जाड आणि तेल जास्त असलं की वरची कातडी आधी धरते, ती फुगते, खाली तर सगळं ओलं. मग ती कातडी जाणार कुठे? सुरकुतते. त्यात तुम्ही काळा मिसळला. हाडांचा काळा हा रंगांमधला सगळ्यात संथ वाळणाऱ्यांपैकी एक. आणि घाण्याचं खायचं तेल चित्राला नको. त्यात चिकट गाळ राहतो, ते उशिरा वाळतं आणि काळवंडतं. चित्रकलेच्या दुकानात शुद्ध केलेलं जवसाचं तेल मिळतं, लहान बाटली वर्षभर पुरते. आपल्या विदर्भात जवस पिकतं म्हणून आपल्याला ते घरचं वाटतं, पण चटणीचं वेगळं आणि रंगाचं वेगळं.

निळा भाग खरवडाच. आत ओला आहे तोवर पॅलेट नाइफनं अलगद उचला, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा. त्यावर पुढे गेलात तर दोन वर्षांनी तडे जातील.

आता अल्ट्रामरीन. तो पारदर्शक रंग आहे. जाड लावला की उजेड आत शिरतो आणि परत येत नाही, म्हणून काळा दिसतो. त्याला खालून पांढरं लागतं. घड्या आधी पांढऱ्यात थोडासा निळा घालून पूर्ण रंगवा, उजेड-सावलीसकट, हव्यापेक्षा बऱ्याच फिक्या. पूर्ण वाळू द्या. मग शुद्ध अल्ट्रामरीन चिमूटभर तेलात पातळ करून वरून चोळा आणि उजेडाच्या जागी फडक्यानं पुसून घ्या. खोलात एका थराऐवजी दोन-तीन थर द्या. काळ्याला हातही लावू नका. त्या काळी इटलीत मेरीच्या निळ्या झग्यासाठी अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द दगडाची भुकटी वापरत. ती इतकी महाग, की चित्राच्या करारात कोणत्या प्रतीची निळाई वापरायची तेही लिहून घेत. एवढा मोलाचा रंग कोणी जाड लिंपत नसे. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात बनवायची रीत सापडली आणि तो सगळ्यांच्या आवाक्यात आला. तुम्ही खाक्याला वापरता ती कपड्यांची पूड नीळ बहुतेक तीच कृत्रिम अल्ट्रामरीन असते. म्हणजे ताई, तुम्ही अठ्ठावीस वर्षं मॅडोनाच्याच रंगानं छापे मारताय.

पण तीच नीळ तुमच्या चेहऱ्यात शिरली. रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीला धरून ठेवायला काही नसतं, ब्रश लागला की ती सुटणारच. खाका मात्र सोडू नका! राफाएल आणि त्याच्या वेळचे चित्रकार हेच करत. पूर्ण मापाचं रेखाटन कागदावर, रेषेवर टोचलेली भोकं, आणि पातळ कापडाच्या पुरचुंडीत कोळशाची पूड घालून वरून थोपटायचं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत राफाएलचं एक छोटं चित्र आहे, झोपलेल्या तरुण योद्ध्याचं, आणि त्याचं टोचलेलं रेखाटनही तिथेच आहे. भोकं अजून दिसतात. तेव्हा बोळ्याऐवजी पुरचुंडी घ्या, नीळ-रॉकेलऐवजी कोरडा कोळसा. ठिपके पडले की टर्पेंटाइननं पातळ केलेल्या बर्न्ट अंबरनं (तपकिरी मातीचा रंग) रेषा जोडा आणि जास्तीची पूड झटका. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो एका-दोन दिवसांत वाळतो.

चेहरा. हिरवा थर ही त्याआधीच्या, अंड्याच्या बलकात रंगवणाऱ्यांची पद्धत. तिथे टेरे व्हर्ट या हिरव्या मातीच्या रंगावर गुलाबी रेघा ओढत. तेलात तो सक्तीचा नाही. तुम्ही अंबर आणि पांढरा एवढ्याच दोन रंगांत अख्खं चित्र एकदा रंगवून काढा. रंगाचा विचार नको, फक्त उजेड किती आणि सावली किती. त्यासाठी तुमच्याकडच्या चित्राची काळीपांढरी प्रत काढून शेजारी लावा. हे वाळलं की त्यावर ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलिअन (शेंदरी लाल), पांढरा यांचे पातळ हात. गालाच्या सावलीला अंबर आणि कणभर टेरे व्हर्ट. आणि एक नियम पाठ करा: खालचा थर टर्पेंटाइनचा, रोड, वरचा त्याहून तेलकट. उलट केलंत तर भेगा ठरलेल्या.

छापील चित्रांचं म्हणाल तर जुन्या वॉर्निशचा पिवळेपणा, छपाई, फोनचा पडदा, सगळेच रंग बदलतात. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं एक मोठं छायाचित्र निवडा, चांगल्या कागदावर छापून घ्या आणि शेवटपर्यंत त्यालाच धरा. दोन चित्रांकडे बघून एक चित्र होत नाही.

---

कोळसा आणि कागद, १३ एप्रिल

जुन्या ब्रशांच्या तांत्रिक सूचना पटल्या. पण माझं मत थोडं वेगळं आहे. तीन चेहरे, त्यात दोन लहान मुलं, ही नवख्याची उडी नाही. आधी एक तांब्या, दोन कांदे आणि एक फडकं रंगवा. सहा महिने. समोरच्या वस्तूकडे बघून जे येतं ते दुसऱ्यानं आधीच सोडवलेल्या चित्राकडे बघून येत नाही. राफाएलनं खरी बाई पाहिली होती, तुम्ही राफाएल पाहताय.

---

जुना ब्रश, १३ एप्रिल

कांदे-तांब्याला माझी ना नाही, ते शेजारी चालू द्यावंच. पण नक्कल ही नवख्याचीच गोष्ट आहे असं मात्र नाही. १६२८-२९ मध्ये फ्लँडर्सचा चित्रकार रुबेन्स माद्रिदला गेला तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती, युरोपभर नाव झालेलं होतं. तरी तिथे बसून त्यानं आधीच्या पिढ्यांतल्या इटालियन चित्रकार तिशियनच्या आदम-इव्हच्या चित्राची नक्कल केली. मूळ आणि नक्कल दोन्ही आज प्राडो संग्रहालयात आहेत. रुबेन्सनं आदमच्या मागे एक पोपट जास्तीचा घातला आहे. नक्कल करता करता माणूस स्वतःचा व्हायला लागतो तो असा. पॅरिसच्या लूव्रमध्ये १७९३ पासून नक्कल करणाऱ्यांना ईझल लावू देतात, फक्त मूळ मापाची नक्कल करू देत नाहीत. ताईंची २४ इंची फळी मूळ २८ इंचांपेक्षा लहानच आहे, ते ठीक झालं. मागच्या बाजूला "राफाएलवरून" असं लिहून स्वतःची सही करा.

---

फ्रेमवाला नागपुरी, १४ एप्रिल

काकू, सरांनी रंगाचं सांगून दिलं, मी फळीचं आणि आपल्या नागपूरच्या हवेचं सांगतो. माझं फ्रेमिंगचं काम आहे, लोकांची चित्रं वाकून आलेली रोज पाहून राहिलो.

तुम्ही प्लायला पुढूनच जेसो दिला. मागची बाजू आणि कड उघडीच आहे ना? पावसाळ्यात ती पाणी ओढंल आणि फळी ताटासारखी वाकंल. आताच मागून दोन हात देऊन टाका, कडेला पण. पुढचे दोन हात पण कमी आहेत बाप्पा, चार द्या, मधात बारीक पॉलिशपेपर मारा. इटलीवाले पॉपलरच्या लाकडावर जिप्समचा लेप सरसात कालवून थरावर थर देत होते, उगाच नाही.

दुसरं, कूलर. एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय आपण राहू शकत नाही ते मान्य, पण ओल्या चित्रावर त्याचा झोत घेऊ नका. वाळ्याच्या काड्यांचे बारीक तुकडे आणि रस्त्याची धूळ उडून रंगात बसते, मग निघत नाही. सकाळी सहा ते नऊ काम करा, उत्तरेची खिडकी असंल तर तिच्याजवळ. काम झालं की चित्र भिंतीकडे तोंड करून थोडं तिरपं ठेवा. पण कायमचं अंधारात, कपाटात ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडते. टर्पेंटाइन बंद खोलीत नको, पंचेचाळीस डिग्रीत त्याच्या वासानंच डोकं भणभणते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मी हात जोडून सांगतो. तुमच्या घरी चिंध्या भरपूर असतीन. जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ठेवू नका. तेल वाळताना गरम होते, आणि चिंध्यांच्या ढिगात ती गरमी निघून जाऊ शकत नाही. काडी न लावता पेट घेते. वापरलेली चिंधी पाण्याच्या डब्यात बुडवा, नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळू द्या. तुमच्या घरात जरीच्या साड्या पडलेल्या असतात म्हणून जास्तच सांगून राहिलो.

वॉर्निशची घाई करू नका, सहा महिने ते वर्ष थांबा.

---

प्रवासी पक्षी, १७ एप्रिल

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची धरमपेठेतली. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त फ्लॉरेन्सला गेले होते तेव्हा हे चित्र पाहिलं. पिटी राजवाड्यातल्या दालनांना ग्रहांची नावं आहेत: शुक्र, मंगळ, गुरू, शनी. हे चित्र शनीच्या दालनात आहे. भिंतीवर जुन्या राजेशाही पद्धतीनं वरपासून खालपर्यंत चित्रं लावलेली, आणि त्या गर्दीत सोन्याच्या जाड कोरीव चौकटीत हे एक. नेपोलियनच्या काळात १७९९ मध्ये हे पॅरिसला नेलं होतं, १८१५ मध्ये परत आलं.

टाकादोरा ताई, तुम्हाला उपयोगी पडेल असं एकच सांगते. मी जवळ जाऊन ब्रशची रेघ शोधत होते, ती चेहऱ्यावर कुठेच सापडली नाही. गाल कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते दाखवता येत नाही. पण शालीवर आणि डोक्याच्या पट्टेरी फडक्यावर रंग वेगळ्या हातानं टाकलेला वाटतो, जास्त मोकळा. दोन्हींना एकच ब्रश वापरू नका. आणि बाळाचं कोपर बघा, ते जवळजवळ चित्राच्या मध्यावर आहे. सगळं त्याच्याभोवती फिरतं.

---

टाकादोरा, ६ जुलै

जुने ब्रश सर, फ्रेमवाले भाऊ, प्रवासी ताई, सगळ्यांना नमस्कार. अडीच महिने काही लिहिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं करत होते.

सगळी फळी कोरी केली. निळा भाग खरवडताना खालचा ओला रंग सुरीला तारेसारखा लागून आला, मलाच वाईट वाटलं, पण काढला. मागून दोन हात, पुढून चार. चिंध्यांसाठी दाराबाहेर पाण्याचा डबा ठेवला आहे, घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवला. कांदे आणि तांब्याही रंगवले, कोळसा आणि कागद यांचं म्हणणं मी मनावर घेतलं. तीन छोट्या फळ्या झाल्या. तांब्याच्या पोटावर खिडकी दिसते ती जमली नाही, पण करत राहीन. तुम्ही म्हणालात, मी राफाएल पाहतेय. खरं आहे. पण परवा एक गिऱ्हाईक ओढणी खांद्यावर टाकून उभी होती आणि मी तिच्या ओढणीचा काठ कुठे बारीक होतो ते बघत बसले, ती काय सांगते ते ऐकलंच नाही. आधी कधी मी कापड असं, माणसाच्या अंगावर उजेडात, पाहिलं नव्हतं. मी ते टेबलावर पसरलेलं पाहायची.

खाका तोच जुना वापरला. फक्त बोळ्याऐवजी मलमलीची पुरचुंडी आणि आत कोळशाची पूड. थोपटताना रांगोळीच्या ठिपक्यांसारखी रेघ उमटत गेली. पाचशे वर्षांपूर्वी त्या मुलखात कोणी हेच करत बसला होता, हे कळल्यापासून मला माझं छापायचं काम वेगळंच वाटायला लागलं आहे. आमच्या धंद्यात छापणाऱ्याला कोणी कारागीर म्हणत नाही, भरणाऱ्याला म्हणतात.

अंबर आणि पांढऱ्यात अख्खं चित्र केलं, त्याला तीन आठवडे लागले. बाळाच्या कोपरापासून सुरुवात केली. प्रवासी ताई, तुम्ही म्हणालात ते तेव्हा हाताला लागलं. कोपर चुकलं तर आईचा हात चुकतो, आईचा हात चुकला तर बाळ मांडीवर बसत नाही, घसरतं. चार वेळा पुसलं.

मग निळं. हे सविस्तर सांगते, कारण याच्यासाठीच मी इथे आले होते. घड्या पांढऱ्यात थेंबभर निळा घालून रंगवल्या, धुतलेल्या चादरीसारख्या फिक्या. बारा दिवस वाळू दिल्या. मग सकाळी साडेसहाला शुद्ध अल्ट्रामरीन, तेल अगदी थोडं, रुंद मऊ ब्रशनं सगळीकडे लावला. एक क्षण सगळ्या घड्या नाहीशा झाल्या, नुसता निळा डाग. पोटात गोळा आला. मग मऊ सुती फडकं बोटाला गुंडाळलं आणि घडीच्या माथ्यावरून हलकेच ओढलं, आणि तिथून खालचा पांढरा उजेड वर आला, निळ्यातून. रंग मिसळून असा निळा येत नाही. जुना ब्रश सर, आम्ही पातळ जॉर्जेटच्या साडीखाली परकर कोणत्या रंगाचा घालायचा ते गिऱ्हाइकाला सांगतो. निळ्या साडीखाली पांढरा परकर घातला तर साडी उजळते, काळा घातला तर मरते. हे मला ठाऊक होतं हो. फक्त ते रंगातही असतं हे ठाऊक नव्हतं. तुम्ही जेसोला अस्तर म्हणत असाल, आम्हीही आतल्या कापडाला अस्तरच म्हणतो.

दुसरा थर फक्त खोलात दिला, तिसरा गुडघ्याखाली. काळा कुठेच नाही. एकही सुरकुती नाही, रोज सकाळी उन्हाकडे तिरपी धरून बघते.

शालीचे पट्टे मी सगळ्यात शेवटी ठेवणार होते, राहवलं नाही, दोन पट्टे केले. तिथे मला ब्रश टाक्यासारखा चालवता येतो, लहान-मोठा टाका घालतो तसा, एक रेघ दुसरीत घुसवून. प्रवासी ताई म्हणाल्या तो मोकळा हात बहुधा हाच असेल. चेहऱ्यावर मात्र तसं चालत नाही. तिथे रेघ पुसून टाकावी लागते, कोरड्या मऊ ब्रशनं फिरवत राहावं लागतं, आणि कधी थांबायचं ते मला अजून कळत नाही. आईचा गाल दोनदा इतका घोटला की पुतळ्यासारखा झाला. तिसऱ्यांदा कानाजवळची कड थोडी स्पष्ट ठेवली, तेव्हा जरा माणसाचा वाटला. नवा फोटो जोडला आहे. सर, डोळ्याच्या खालच्या पापणीजवळ जी राखाडी झाक आली आहे ती बरोबर की जास्त?

आता पावसानं रंग उशिरा वाळतोय, जिथे मे महिन्यात चार दिवस लागायचे तिथे आठ लागताहेत. तोवर छोट्या फळीवर नुसते जोडलेले हात करते आहे, बाजूच्या मुलाचे, जॉनचे. नातवाला समोर हात जोडून बसवते, तो पाच मिनिटं बसतो.